शिडीयंत्र आणि शहाण्णव गाठोडी

एका जंगलात एक शेकरू राहत होता. तो शिड्या करत नसे. शिड्या करणारं यंत्र करत असे. हा फरक नीट लक्षात ठेवा, मुलांनो, कारण शेकरू स्वतः तो सगळ्यांना दिवसातून दोनदा सांगायचा.

"शिडी काय, कोणीही करतं," तो म्हणे. "शिडी करणारं यंत्र करायला डोकं लागतं."

जंगलात त्याला शेकरूमिस्त्री म्हणत. सगळ्यांना त्याच्याबद्दल आदर होता. शिडी मात्र कोणाकडेच नव्हती.

शिडीयंत्र बांधायला तीन गोष्टी लागत. बांबू, वेल आणि ठोकायला एक दगड. मिस्त्रीने त्या पळसाच्या पानावर लिहून ठेवल्या होत्या. ते पान म्हणजे यादी.

आता त्या जंगलात एक पद्धत होती. ज्याला जे चांगलं जमतं, ते त्याने आधीच करून गाठोड्यात बांधून ठेवायचं. दुसऱ्याला लागलं तर त्याने ते आयतं न्यायचं. सुगरणीने गाठी मारून ठेवल्या असतील, तर अस्वलाने कशाला गाठी मारत बसायचं? अशा गाठोड्याला ते लायब्ररी म्हणत. का म्हणत, ते कोणालाच माहीत नव्हतं. आत पुस्तक एकही नसायचं. पण पद्धत चांगली होती.

एकदा मोर मिस्त्रीकडे आला.

"मिस्त्री, यंत्राला माझी रंगाची लायब्ररी लावा. शिडी रंगीत निघेल."

मिस्त्रीला रंगीत शिडी नको होती. पण त्याचा स्वभाव भिडस्त. तोंडावर नाही म्हणणं त्याला जमत नसे. त्याने शेपटीशी थोडा चाळा केला आणि यादीत चौथी ओळ लिहिली. रंग (असल्यास).

"म्हणजे काय?" मोराने विचारलं.

"म्हणजे सापडला तर लावू. नाही सापडला तर यंत्र त्याच्याशिवायही होईल."

मोर खूश झाला. मिस्त्रीही खूश झाला. कोणाला नाही न म्हणता सुटायची वाट त्याला मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी बेडूक आले. त्यांच्याकडे आवाजाची लायब्ररी होती, मडक्यात कोंबून वर फडकं बांधलेली. पायरीवर पाय पडला की डराव असा आवाज यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मग काजव्यांनी उजेड आणला. काजव्यांच्या उजेडाला अंधार लागतो, म्हणून वटवाघळांनी अंधार आणला. तो गच्च बांधलेला होता आणि उघडून बघायचा नव्हता, कारण उघडला की संपतो. घुबडाने भाषांतराची लायब्ररी आणली. शिडीवरून पडणाऱ्याला आपण पडतोय हे स्वतःच्या भाषेत कळावं, म्हणून. कासवाने जुनेपणा आणला. त्याच्या आजोबांच्या काळी शिड्या आडव्या ठेवत. त्या शिड्यांशी नवीन शिडीचं जुळलं पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

मिस्त्री लिहीत गेला. असल्यास. असल्यास. असल्यास.

शेवटी यादीत तीन गोष्टी लागणाऱ्या झाल्या आणि सत्तर असल्यास. एका पानावर मावेना, म्हणून मिस्त्रीने पानं शिवली. पानांचा गठ्ठा झाला.

यादीतलं काय आहे आणि काय नाही, हे बघायला मिस्त्रीने घोरपड नेमली. घोरपडबाई कामाला चोख होत्या. कोळशाचा तुकडा घेऊन त्या जंगलभर फिरत. प्रत्येक ओळीपुढे दोन चौकोन आखलेले होते. एक 'आहे'चा आणि एक 'नाही'चा. जे आहे ते यंत्रात बांधायचंच, असा नियम होता. तो कोणी केला हे कोणाला आठवत नव्हतं. बहुतेक चौकोन आखता आखता झाला असावा.

'आहे पण नको' असा चौकोन नव्हता.

त्यामुळे तपासणीच पंधरा पंधरा दिवस चालायची. ती संपत आली की कोणीतरी नवीन गाठोडं घेऊन यायचं. मग तपासणी पुन्हा पहिल्या ओळीपासून. यंत्र अजून एकदाही पूर्ण झालं नव्हतं. पण कोणाचं अडलंही नव्हतं. जंगलात शिडी लागते कोणाला?

मग एका बुधवारी ती लागली.

जंगलाच्या कडेला रताळ्याचं शेत होतं. शेतवाल्या माणसांनी बांधाजवळ खोल खड्डा खणून ठेवला होता आणि वर फांद्या आणि पाला पसरला होता. बुधवारी सकाळी सुळोबा नावाचा रानडुक्कर त्या पाल्यावरून चालत गेला. म्हणजे अर्ध्यापर्यंत गेला.

त्याची बायको चंद्री त्याला शोधत आली.

"अहो, कुठे आहात?"

"खाली."

"खाली म्हणजे कुठे?"

"खाली म्हणजे खालीच. आणखी किती खाली असतात?"

चंद्री खड्ड्याच्या काठाशी आली. पुढचे पाय दुमडून, मान पूर्ण खाली घालून तिने बघितलं, तेव्हा कुठे तिला तळाशी त्याची पाठ दिसली.

"सांगितलं होतं, त्या शेताकडे जाऊ नका."

"वास आला गं."

"मग? मिळालं रताळं?"

"नाही ना," सुळोबा म्हणाला. त्याला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

पण चंद्रीला दुसरीच काळजी होती. ती माणसं दर मंगळवारी आठवडी बाजाराला जाताना खड्ड्यात डोकावत. त्यांच्याकडे भाले असत आणि मोठी पोती असत. मंगळवारी जो आत सापडे तोही बाजाराला जाई, पण पोत्यातून. हे जंगलात सगळ्यांना माहीत होतं.

मंगळवारच्या आत सुळोबा वर यायला हवा होता.

चंद्री धावत मिस्त्रीकडे गेली.

"मिस्त्री, एक शिडी द्या."

"वहिनी, शिड्या मी करत नाही. मी शिड्या करणारं—"

"ठाऊक आहे. मग ते यंत्र द्या."

"ते बांधायचंय. तपासणी झाली की अर्ध्या घटकेचं काम."

"तपासणीला किती वेळ?"

"यादी जरा वाढलीय," मिस्त्री गठ्ठ्याकडे बघत म्हणाला.

चंद्रीने आजूबाजूला पाहिलं. झाडाखाली बांबू पडले होते. वेलींची भेंडोळी होती. दगड तर जंगलात कुठेही मिळतो.

"हे दोन लांब बांबू आणि हे आखूड तुकडे. तुम्ही आत्ता हाताने बांधून द्या ना. माझ्या खुरांना गाठ जमत नाही, नाहीतर मीच बांधली असती."

मिस्त्री दचकला. त्याची शेपटी फुलून दुप्पट झाली.

"हाताने? वहिनी, हाताने बांधलेली शिडी दुसऱ्या वेळी अगदी तशीच होईल कशावरून?"

"मला दुसऱ्या वेळी नकोय. नवरा एकच आहे."

"आज एक आहे," मिस्त्री समजुतीने म्हणाला. "उद्याचा विचार करावा लागतो."

 चंद्री खाली बसली, कारण तपासणी सुरू झाली होती आणि दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

गुरुवारी घोरपडबाई मोराकडे गेल्या. चंद्री त्यांच्या मागोमाग.

"रंग आहे का?"

"आहे."

"रंग रंगीत आहे का?"

"हे काय विचारणं झालं?" मोर म्हणाला.

"यादीत आहे. रंगीत आहे का?"

मोराने पिसारा फुलवून दाखवला. घोरपडबाईंनी प्रत्येक पीस उलटसुलट करून पाहिलं. 'आहे'च्या चौकोनात कोळसा टेकवला. यात दुपार झाली.

"बाई, जरा भरभर," चंद्री म्हणाली. "रंगाचं 'नाही' लिहा की. त्यांना बाहेर यायचंय, मिरवायचं नाहीये."

"पण रंग आहे. मी डोळ्यांनी बघितला."

"असू दे ना. 'असल्यास' लिहिलंय. म्हणजे नसला तरी चालतो."

"नसला तर चालतो," घोरपडबाई म्हणाल्या. "पण आहे. मी खोटं लिहीत नाही."

शुक्रवारी सुगरणीच्या गाठींची पाळी आली. यादीत यंदाच्या गाठी लिहिल्या होत्या. यंदाच्या गाठींत तिची पिल्लं होती. गेल्या वर्षीच्या गाठी रिकाम्या होत्या, पण त्या कासवाच्या जुनेपणाशी जुळत, मोराच्या रंगाशी जुळत नसत. अर्धा दिवस यावर चर्चा झाली. सुळोबाचं नाव चर्चेत आलं नाही.

शनिवारी घोरपडबाई खड्ड्यावर आल्या. चंद्रीला वाटलं, आता काहीतरी होणार.

"सुळोबा," घोरपडबाईंनी वरून हाक मारली, "वजन आहे का?"

"काय?"

"वजन. यादीत चव्वेचाळिसावी ओळ. वजन, कंसात असल्यास. बांबू सरळ करायला त्यावर कोणीतरी बसायचं, ती लायब्ररी. मागच्या वर्षी तूच दिली होतीस."

सुळोबाला आठवलं. मागच्या वर्षी सगळेच काही ना काही देत होते. आपल्याकडे देण्यासारखं काहीच नाही, याची त्याला लाज वाटली होती. म्हणून त्याने वजन दिलं होतं.

"नाही लिहा, बाई," तो म्हणाला.

"तू आहेस ना?"

"आहे, पण वर नाही."

"वर आणि खाली असे चौकोन नाहीत." घोरपडबाईंनी 'आहे'वर खूण केली.

मिस्त्रीने ती खूण बघितली आणि त्याचं तोंड उतरलं. वजन आहे, म्हणजे ते यंत्रात बांधायला हवं. बांधायचं तर सुळोबाला वर काढायला हवं. वर काढायला शिडी हवी. शिडीला यंत्र हवं. आणि यंत्राला सुळोबा.

त्याने खूप विचार केला आणि यादीत नवीन ओळ लिहिली. सुळोबाला काढण्यापुरती शिडी (असल्यास).

घोरपडबाईंनी उरलेला शनिवार जंगलभर शिडी शोधली. संध्याकाळी त्यांनी 'नाही'च्या चौकोनात कोळसा टेकवला. यादीतला तो पहिला 'नाही'. त्यांनी तो दोनदा तपासला.

 चंद्रीने उकरून आणलेले दोन कंद खड्ड्यात टाकले. एक सुळोबाच्या डोक्यावर पडला.

"लागलं का?"

"नाही. हा रताळ्याचा आहे का?"

"नाही. गप्प खा."

रविवारी मिस्त्रीला उपाय सुचला. तो इतका आनंदला की तीन फांद्या एका उडीत ओलांडून खाली आला.

"वहिनी, सुटलं. सगळ्या लायब्ऱ्या एकाच जागी असाव्या लागतात, हा नियम. त्यातली एक हलत नाही. मग बाकीच्या तिच्याकडे जातील."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळी गाठोडी खड्ड्यात."

"खड्ड्यात मी आहे," खालून आवाज आला.

"तू सोडून तो रिकामाच आहे," मिस्त्री म्हणाला.

दुपारपासून गाठोडी पडू लागली. मोराची पिसं पडली. बेडकांचं मडकं पडलं, ते नशिबाने मोराच्या पिसांवर. काजवे एका पोकळ दुधी भोपळ्यातून उतरले. अंधार सांभाळून सोडला गेला. कासवाचं गाठोडं सगळ्यांत जड होतं. त्यात त्याच्या आजोबांच्या अख्ख्या तीन शिड्या होत्या, पण त्या आडव्या ठेवायच्या होत्या, म्हणून कोणी त्यांना शिड्या म्हटलं नाही.

सुळोबा कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला. मग कोपरा भरला, तेव्हा तो गाठोड्यांवर उभा राहिला.

"अगं, हे मला पुरायला निघालेत," तो ओरडला.

चंद्रीचा संताप अनावर झाला होता. सोमवारी सकाळी ती मिस्त्रीला शिंगांशिवाय जेवढी ढुशी मारता येईल तेवढी मारायचीच, असं ठरवून निघाली. जाता जाता तिने खड्ड्यात डोकावलं.

तिला मान खाली घालावी लागली नाही. पायही दुमडावे लागले नाहीत.

सुळोबाचे कान तिला उभ्याउभ्याच दिसले.

चंद्री तिथेच थांबली. तिने कानांकडे पाहिलं. गाठोड्यांकडे पाहिलं. खड्ड्याच्या काठाकडे पाहिलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, ती गाठोडी अशी पसरू नका. तोंडाने ढकलून एका बाजूला रचा. एकावर एक."

"मी काय हमाल आहे?"

"उद्या मंगळवार आहे."

सुळोबा रचायला लागला.

चंद्री मिस्त्रीकडे गेली. तिने ढुशी मारली नाही. ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "मिस्त्री, यादी तपासून झाली का?"

"झालीच. ही शेवटची दोन पानं."

"मला वाटतं, यादी जरा अपुरी आहे."

मिस्त्री वळला. त्याचे डोळे भरून आले.

"वहिनी," तो म्हणाला, "तुम्हाला आता कळलं."

त्या दिवशी चंद्री जंगलातल्या प्रत्येक बिळापाशी गेली. प्रत्येक ढोलीखाली उभी राहिली.

"ससेभाऊ, यंत्राला लावण्यासारखं तुमच्याकडे काही आहे का?"

"माझ्याकडे काय असणार, चंद्राक्का?" ससा म्हणाला. "मी नुसता घाबरतो."

"तेच द्या की. शिडीवर चढताना माणसाला थोडी भीती हवी."

"भीती भरपूर आहे," ससा म्हणाला आणि लगबगीने बांधायला लागला. त्याच्याकडे आजवर कोणी काही मागितलं नव्हतं.

वाळवीने भुसा दिला. मुंग्यांनी मोजमाप दिलं, म्हणजे सारख्या लांबीच्या पाच हजार काड्या. माकडांनी सालं दिली आणि ती कशासाठी हे मागाहून कळवतो म्हणाली. गव्याने शेणाची लायब्ररी दिली. ती फार मोठी होती.

मिस्त्री लिहून लिहून दमला. असल्यास. असल्यास. घोरपडबाई धावल्या. मुलांनो, घोरपड धावली असं यापूर्वी कोणी ऐकलं नव्हतं. पण सगळ्या वस्तू समोरच पडलेल्या असल्यामुळे तपासणीला वेळच लागत नव्हता. आहे, आहे, आहे. आणि आहे ते खड्ड्यात.

"अगं, हे शेण आहे," सुळोबा म्हणाला.

"रचा."

"शेण कसं रचू?"

"जसं जमेल तसं रचा. आणि पाय रोवून उभे राहा त्यावर."

मंगळवार उजाडला तेव्हा खड्ड्यात पंच्याण्णव गाठोडी होती. सुळोबाने पुढचे पाय वर टेकवले. हनुवटी काठाला लागली. मागच्या पायांनी त्याने जोर केला आणि तो घसरून पुन्हा शेणावर आला. वीतभर कमी पडत होतं.

लांबून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. माणसं बाजाराला निघाली होती.

चंद्रीने चहूकडे पाहिलं. जंगलात आता एकही गाठोडं उरलं नव्हतं. सगळ्यांचं सगळं आत गेलं होतं. मिस्त्री फांदीवर बसून यादीची पानं सारखी करत होता. यादीचा गठ्ठा आता वीतभराहूनही जाड झाला होता.

"मिस्त्री," चंद्री म्हणाली, "यादीत यादी आहे का?"

"अं?"

"यंत्र बांधायला यादी लागते ना? मग यादीत ती लिहिलीय का?"

मिस्त्रीने भराभर पानं उलटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"नाहीये," तो म्हणाला. "इतके दिवस कोणाच्याच लक्षात आलं नाही." आणि त्याने शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत लिहिलं. यादी (असल्यास).

"यादी आहे का?" घोरपडबाईंनी विचारलं.

"ही काय, तुमच्या हातात देतो."

"आहे," घोरपडबाई म्हणाल्या. त्यांनी खूण केली, यादी फडक्यात बांधली, घट्ट गाठ मारली आणि गाठोडं खड्ड्यात टाकलं. कामाला चोखच होत्या त्या.

सुळोबा यादीवर चढला.

तो चढताना पायाखालचं मडकं डराव म्हणालं. काजवे एकदम उजळले. मोराची पिसं रंगीबेरंगी उडाली. घुबडाची लायब्ररी चौदा भाषांतून ओरडली, "आपण पडत आहात," कारण तिला तेवढंच येत होतं. सशाची भीती फुटली आणि ती सुळोबाच्या अंगात अशी शिरली की त्याने एकच उडी मारली.

तो बाहेर आला.

 चंद्रीने त्याच्या कानाला एकदा नाक लावलं. मग ती दोघं झुडपांच्या जाळीत पळाली.

मिस्त्रीच्या पुढ्यात यादी नव्हती. घोरपडबाईंना तपासायला काही नव्हतं. समोर बांबू होता, वेल होती आणि एक दगड होता. मिस्त्रीला रिकामं बसवेना. त्याने अर्ध्या घटकेत शिडीयंत्र बांधलं. यंत्राने लगेच एक शिडी केली.

शिडी सरळ होती, भक्कम होती. मिस्त्रीने ती खड्ड्याला लावली आणि मान खाली घातली.

"कोणाला सांगू नका," तो घोरपडबाईंना म्हणाला. "रंग नाही, आवाज नाही. हे मी केलंय म्हणायला लाज वाटते."

तेवढ्यात माणसं आली, म्हणून ती दोघं झाडावर चढली. माणसांनी खड्ड्यात डोकावलं. पिसं, भुसा, मडकं, शेण. एका म्हाताऱ्याने नाकाला धोतराचा सोगा लावला.

"इथे कचरा कोण टाकतं?" तो म्हणाला. मग त्याने शिडी हलवून बघितली. "शिडी मात्र चांगली आहे."

ती शिडी त्यांनी खांद्यावर टाकली आणि ते बाजाराला गेले.

बुधवारी जंगलात सभा भरली. सगळे प्राणी छाती काढून बसले होते. सुळोबा कशामुळे वाचला? बेडूक म्हणाले, आवाजामुळे. ससा म्हणाला, भीतीमुळे. गवा काही म्हणाला नाही, पण सगळ्यांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं. बांबू, वेल आणि दगड यांचा उपयोग काय झाला, असं कासवाने विचारलं. त्यांची शिडी तर माणसंच घेऊन गेली. हे सगळ्यांना पटलं.

मिस्त्रीने नवीन यादी केली. लागणाऱ्या गोष्टी: शहाण्णव गाठोडी आणि एक खड्डा. त्याखाली शेवटी लिहिलं: बांबू, वेल, दगड (असल्यास).

घोरपडबाई नवीन यादी घेऊन तपासणीला निघाल्या. तिसऱ्या प्रहरी त्या सुळोबाच्या जाळीपाशी पोचल्या.

"वजन आहे का?"

चंद्री जाळीच्या तोंडाशी उभी होती. तिच्यामागे सुळोबा कंद खात बसला होता. तो पूर्ण दिसत होता.

"आहे," चंद्री म्हणाली. "पण नको."

"असा चौकोन नाही."

"मग आखा."

घोरपडबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिच्या सुळ्यांकडे पाहिलं. मग खाली बसून त्यांनी कोळशाने तिसरा चौकोन आखला. रेघा जरा वाकड्या आल्या, कारण तशी सवय नव्हती. त्यात त्यांनी खूण केली आणि त्या गेल्या.

तो चौकोन अजून यादीत आहे. पण फक्त सुळोबाच्या ओळीपुढे. बाकीच्या ओळींपुढे अजून दोनच आहेत.

तात्पर्य: ज्या गोष्टीवाचून आपलं अडत नाही, ती आवर्जून जमवावी. एकेकटी ती काही कामाची नसते, पण भरपूर साठली की तिच्यावर उभं राहता येतं. शिडी मात्र सगळ्यांत शेवटी करावी, म्हणजे ती घेऊन जाणाऱ्यांची सोय होते.